तोंड धुताना तोल जातो, म्हणून लिंबू उतरवू नका



मागच्या अंकात मधुमेह झालेल्या माणसाने पायांची निगा कशी राखावी ते आपण पाहिले. या खेपेला रक्तदाबावर लिहायचे ठरवले होते, दोन पाने लिहूनही झाली होती. पण सोमवारी एका भगिनीचे पत्र हाती पडले आणि ती दोन पाने मी बाजूला ठेवली. रक्तदाब एक आठवडा थांबेल. या बाईला थांबता येण्यासारखे नाही.

तिचे नाव, गाव, वस्ती काहीच देत नाही. तशी तिनेच विनंती केली आहे. नवरा ५६ वर्षांचा, कारखान्यात फिटर. दोन वर्षांपासून त्यांच्या मांड्यांत आणि पोटऱ्यांत वीज चमकल्यासारखी कळ येते, क्षणात जाते, पुन्हा येते. सगळ्यांनी वात म्हटले, तेल लावले. मग चालताना पाय आपटत टाकू लागले. "कापसावर चालल्यासारखे वाटते" म्हणतात. गेले वर्षभर नळावर उभे राहून तोंड धुताना डोळे मिटले, की पुढे कोसळतात. दोनदा कपाळ फुटले. दिवसा उजेडात चालताना मात्र भिंतीचा आधारही लागत नाही.

इथपर्यंत घराने सोसले. सहा महिन्यांपासून डोके बिघडले. शांत माणूस चिडका झाला, पगाराचा हिशोब चुकू लागला, बोलताना जीभ अडखळू लागली. भीमजयंतीच्या सभेत उठून त्यांनी जाहीर केले, की वस्तीत संगमरवरी विहार मी एकटा बांधून देणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी कळले, की फंडातून काढलेल्या पैशातून ते तीन रिक्षांचा बयाणा देऊन आले आहेत.

धाकटा दीर म्हणतो, दारू आहे, दुसरे काही नाही. सासूबाई म्हणतात, करणी आहे. गावाहून देवऋषी आला, लिंबू उतरवले, कोंबडे मागितले. हे सारे बावीस प्रतिज्ञांची तसबीर भिंतीवर असलेल्या घरात! भगिनी लिहिते, "ताई, मला लाज वाटली, पण मी गप्प बसले."

शेवटी भाच्याने त्यांना सरकारी रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, डोळे मिटून उभे राहायला सांगितले, गुडघ्यावर हातोडी मारली आणि रक्त लिहून दिले. रिपोर्ट आला: व्हीडीआरएल रिअ‍ॅक्टिव्ह १:३२, टीपीएचए पॉझिटिव्ह. आता डॉक्टर म्हणतात, भरती करा, पाठीतले पाणी काढून तपासायचे आहे, सही द्या. दीर सही करू देत नाही. म्हणतो, पाठीतले पाणी काढले की माणूस कायमचा लुळा होतो, आणि सरकारी दवाखान्यात गरिबांवर प्रयोगच करतात.

भगिनीचे तीन प्रश्न आहेत. हा रोग लोक म्हणतात तोच का? सही करू की नको? आणि तिसरा, तिच्याच शब्दांत: "मी कधी वाकडे पाऊल टाकले नाही, मग माझे रक्त का मागतात?"

तर पहिला प्रश्न. होय, तोच. पुस्तकात त्याला उपदंश म्हणतात, डॉक्टर सिफिलिस म्हणतात, आपल्या बोलीत गरमी. तो शब्द उच्चारला की बाया तोंडाला पदर लावतात आणि पुरुष हसतात. मी तीस वर्षांहून अधिक काळ सरकारी वॉर्डात परिचारिकेचे काम केले. या हसण्यापायी केसपेपर फाडून घरी निघून गेलेली माणसे मी पाहिली आहेत. म्हणून आज सगळे स्पष्ट लिहिते. घरात तरुण मुले असतील तर त्यांनाही वाचू द्या.

हा रोग एका नागमोडी, मळसूत्रासारख्या जंतूमुळे होतो. १९०५ साली जर्मनीत शाउडिन आणि हॉफमन या दोघांनी तो शोधून काढला. शरीरसंबंधातून तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि गरोदर आईकडून पोटातल्या बाळाकडे. साधारण तीन आठवड्यांनी त्या जागी एक कडक व्रण उठतो. तो दुखत नाही, आणि सगळा घोटाळा इथेच होतो. न दुखणाऱ्या फोडासाठी कोण कामावर खाडा करून दवाखान्यात जाईल? महिना-दीड महिन्यात तो आपोआप भरतो. माणूस म्हणतो, सुटलो. पुढे काही आठवड्यांनी अंगावर चट्टे येतात, बरेचदा तळहात आणि तळपायांवरही, आणि त्यांना खाज नसते. बारीक ताप येतो, केस मधेमधे गळतात. तेही आपोआप जाते. मग वर्षानुवर्षे काहीच दिसत नाही. जंतू मात्र शरीरातच असतो.

उपचार न झालेल्या काही जणांमध्ये तो मेंदूत आणि मज्जारज्जूत घर करतो. तिथे तो अगदी सुरुवातीलाही पोहोचू शकतो. तेव्हा डोके दुखणे, नजर अचानक मंद होणे, डोळा लाल होऊन दुखणे, कानाने एकाएकी कमी ऐकू येणे, अशा तक्रारी दिसतात. डोळ्याची आणि कानाची तक्रार अजिबात लांबणीवर टाकू नये. गेलेली नजर परत येईलच असे नाही. पाच-दहा वर्षांनी मेंदूच्या रक्तवाहिन्या सुजून तरुण माणसाला लकवा मारू शकतो. रक्तदाब नाही, साखर नाही, आणि चाळिशीच्या आत अर्धे अंग गेले, तर तपासण्यांत या रोगाचेही रक्त असले पाहिजे. आणि दहा, वीस, कधी पंचवीस वर्षांनी ते होते, जे या भगिनीच्या घरी झालेले दिसते.

तोंड धुतानाच का पडतो, हे समजून घेण्यासारखे आहे. आपले पाय कुठे टेकले आहेत ही बातमी तळपायाकडून पाठीच्या मज्जारज्जूतून मेंदूकडे जाते. त्या मज्जारज्जूचा मागचा भाग हा जंतू खातो. बातमी पोहोचेनाशी होते. मग माणूस डोळ्यांनी पाय पाहून तोल सांभाळतो. डोळे मिटले, अंधार झाला, की तोल गेला. दारू प्यालेला माणूस डोळे उघडे असतानाही झोकांड्या खातो. हे गृहस्थ उजेडात सरळ चालतात. दिराने एवढे पाहिले असते तरी पुरे होते. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली तीही याचसाठी. या रोगात पुष्कळदा बाहुली उजेडाने लहान होत नाही, पण जवळचे बोट पाहताना लहान होते.

संगमरवरी विहार, तीन रिक्षा, हे मेंदूचे काम. पूर्वी युरोपातल्या वेड्यांच्या रुग्णालयांत असे रुग्ण मोठ्या संख्येने असत. कोणी स्वतःला राजा समजे, कोणी नसलेले लाखो रुपये वाटत सुटे. पुढे स्मरण जाई, हातपाय थरथरत, झटके येत आणि काही वर्षांत मृत्यू येई. हे वेड कशाने येते यावर डॉक्टरांत दीर्घकाळ वाद होता. १९१३ साली हिदेयो नोगुची या जपानी शास्त्रज्ञाने अशा मृत रुग्णांच्या मेंदूतच तो नागमोडी जंतू दाखवला आणि वाद संपला. त्या काळी औषध एवढे तोकडे होते, की व्हिएन्नाच्या वाग्नर-याउरेग या डॉक्टराने १९१७ पासून अशा रुग्णांना मुद्दाम मलेरियाचा ताप आणून उपचार केले. त्याला १९२७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ताप आणून वेड घालवणे आज विचित्र वाटते, पण हातात दुसरे होते काय? १९४३ साली अमेरिकेत या रोगावर पेनिसिलिन वापरले गेले आणि चित्र पालटले. पुढे आपल्या पिंपरीत १९५४ साली सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभारला तो पेनिसिलिनसाठीच.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. विसरणारा प्रत्येक म्हातारा आणि पडणारा प्रत्येक माणूस या रोगाचा नसतो. मधुमेह, दारू, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मणक्याचे दुखणे ही कारणे कितीतरी अधिक आढळतात. शेजारचा तोल जातो म्हणून त्याच्याकडे बोट दाखवाल, तर हे सदर लिहून मी पाप केले असे होईल. मी म्हणते ते एवढेच, की कारण शोधताना हे एक रक्तही तपासले जावे. आणि देवऋषीला बोलावण्याआधी तपासले जावे.

आता रिपोर्टवरचे आकडे. व्हीडीआरएल ही पहिली चाचणी. १:३२ म्हणजे रक्तातले पाणी बत्तीस पट पातळ केले तरी चाचणी लागू आली. उपचारानंतर हा आकडा उतरतो का, ते पाहायचे असते. म्हणून तो कागद जपून ठेवा. ही चाचणी कधी खोटेही बोलते. गरोदरपण, कुष्ठरोग, मलेरिया, संधिवाताचे काही प्रकार यांत रोग नसताना ती लागू येते. म्हणून टीपीएचए ही दुसरी चाचणी करतात. ती या जंतूची खास आहे, आणि एकदा लागू आली की उपचारानंतरही बहुधा जन्मभर लागूच राहते. जुन्या रोगात उलटेही घडते: व्हीडीआरएल काहीच दाखवत नाही आणि टीपीएचए दाखवते. तेव्हा मेंदूच्या तक्रारी असतील, तर एका कोऱ्या व्हीडीआरएलवर समाधान मानू नये.

हे लिहिताना मला एक पोरगी आठवते. पहिलटकरीण, पाचवा महिना. गरोदरपणाच्या नेहमीच्या तपासणीत व्हीडीआरएल अगदी कमी आकड्याने लागू आली. सासरच्यांनी तो कागद वाचला आणि त्याच संध्याकाळी तिला माहेरी पोहोचवले. दुसरी चाचणी करा म्हणून आम्ही निरोप धाडले. आठ दिवसांनी टीपीएचए आली, ती कोरी होती. पोरीला रोग नव्हताच. सासरचे न्यायला आले, पण ती लवकर गेली नाही. बरे केले तिने.

आता सही. दिराच्या रागाला मी हसणार नाही. गरिबांवर प्रयोग करतात, हे तो हवेतून बोललेला नाही. नेमक्या याच रोगात, नेमक्या याच पाठीतल्या पाण्याच्या बाबतीत, ते घडलेले आहे. आपल्या समाजाला ते ठाऊक असलेच पाहिजे.

अमेरिकेत अलाबामा राज्यात टस्कीगी नावाचे गाव आहे. १९३२ साली तिथल्या सरकारी आरोग्य खात्याने आसपासचे सुमारे सहाशे काळे पुरुष निवडले. बहुतेक दुसऱ्याच्या शेतात अर्धेलीने राबणारे, फारसे न शिकलेले. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता, २०१ जणांना नव्हता. उपचार न केल्यास हा रोग काळ्या माणसाच्या शरीरात काय काय करतो, ते मरेपर्यंत पाहायचे होते. रोगाचे नाव त्यांना सांगितले नाही. "तुमचे रक्त वाईट आहे" एवढेच सांगितले. गरम जेवण, फुकट तपासणी आणि मेल्यावर दफनाचा खर्च, ही लालूच. तो दफनाचा खर्चही प्रेताची चिरफाड करू दिली तर. जंतू मज्जासंस्थेत शिरला का ते पाहण्यासाठी पाठीतले पाणी हवे होते. तेव्हा त्यांना पत्रे गेली, की हा खास मोफत उपचार आहे, ही संधी पुन्हा येणार नाही. माणसे आली. सुया टोचून घेतल्या. डोके धरून घरी गेली. उपचार काहीच नव्हता. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हे या रोगाचे मान्य औषध झाले, तेही त्यांना दिले नाही. हे चाळीस वर्षे चालले.

त्या कामात युनिस रिव्हर्स नावाची परिचारिका होती. ती काळीच होती, त्यांच्याच समाजातली. गाडीतून त्यांना नेणे-आणणे, घरोघरी विचारपूस करणे, हे तिचे काम. तिच्यावर विश्वास ठेवून माणसे येत. तिच्याविषयी मी प्रथम वाचले तेव्हा रात्री झोप लागली नाही. आमच्या वॉर्डातही वस्तीतली माणसे माझ्याकडे पाहून सही करत. "ताई आपली आहे ना, मग झाले." मी किती वेळा नीट समजावून सांगितले आणि किती वेळा नुसते "करा सही" म्हटले, त्याचा हिशोब मी आजही पुरता देऊ शकत नाही.

पीटर बक्स्टन या खात्यातल्याच कर्मचाऱ्याने आवाज उठवला आणि जुलै १९७२ मध्ये ही बातमी वर्तमानपत्रांत फुटली, तेव्हा प्रकरण बंद पडले. योगायोग असा, की त्याच १९७२ साली अमेरिकेतल्या काळ्या पँथरांचे नाव घेऊन आपल्या मुंबईत दलित पँथर उभी राहिली. पुढे नुकसानभरपाई झाली. १६ मे १९९७ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी जाहीर माफी मागितली. तेव्हा त्या माणसांपैकी आठ जण हयात होते.

हे सारे सांगून मी म्हणते, भगिनी, सही करा. टस्कीगीच्या माणसांना तपासणी ही उपचार म्हणून विकली, रोगाचे नाव लपवले आणि औषध नाकारले. तुमच्या डॉक्टरांनी रोगाचे नाव सांगितले आहे, हा कागद तुमच्या हातात आहे, आणि तपासणीनंतर पेनिसिलिन सुरू होणार आहे. तरी विश्वासावर राहू नका, विचारा. पाणी काढणे हा उपचार नाही, ती तपासणी आहे. ती कशासाठी, तिचा रिपोर्ट आम्हाला मिळेल का, इंजेक्शने कोणत्या दिवशी सुरू होतील, हे सहीच्या आधी विचारा. दिराला बरोबर न्या आणि त्यालाच विचारू द्या. विचारणारा माणूस डॉक्टरांना कधी कधी आवडत नाही. न आवडो.

लुळेपणाची भीती सोडा. मज्जारज्जू कंबरेच्या वरच संपतो. सुई त्याच्या खाली, कंबरेच्या मणक्यांच्या फटीत घालतात. रुग्णाला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजवतात किंवा वाकून बसवतात, जागा बधिर करतात. पाणी काढतात ते चहाचे दोन चमचे भरेल इतके, आणि तेवढे शरीर तासाभरात पुन्हा तयार करते. नंतर काही जणांचे एक-दोन दिवस किंवा थोडे जास्त डोके दुखते, पडून राहिल्यावर कमी होते. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती मात्र आधी सांगा. त्या पाण्यात पेशी, प्रथिने आणि व्हीडीआरएल पाहतात. त्यातली व्हीडीआरएल लागू आली तर निदान पक्के. कोरी आली तरी रोग नाही असे ठरत नाही, मग बाकीच्या गोष्टी पाहून डॉक्टर ठरवतात. एचआयव्हीचे रक्तही मागतील, ते द्या. दोन्ही रोग एकाच वाटेने येतात.

उपचार पेनिसिलिनच, पण ते कसे द्यायचे याला महत्त्व आहे. नेहमीच्या गरमीला कमरेत २४ लाख युनिटचे बेंझाथिन पेनिसिलिन देतात. रोग ताजा असेल तर एकदा, जुना असेल तर आठवड्याला एक अशी तीन. मेंदूच्या रोगाला ते पुरत नाही, कारण ते मेंदूच्या पाण्यात पुरेसे उतरत नाही. इथे साधे पेनिसिलिन शिरेतून, दर चार तासांनी ३० ते ४० लाख युनिट, असे १० ते १४ दिवस द्यावे लागते. म्हणजे दिवसाला १८० ते २४० लाख युनिट. त्यासाठी भरती हवी. रात्री दोनच्या इंजेक्शनला रुग्ण कुरकुर करतो, नातेवाईक म्हणतात झोपू दे. झोपू देऊ नका, आणि सिस्टर विसरली तर तिला उठवा. वस्तीतल्या दवाखान्यात "एक सुई मारतो, बरे वाटेल" असे कोणी म्हणाले, तर तिथून निघा. लोकलच्या डब्यात आणि मुतारीच्या भिंतीवर ज्यांच्या जाहिराती असतात, त्या गुप्तरोगवाल्यांविषयी तर लिहायलाच नको.

पहिल्या दिवशी थंडी वाजून ताप भरू शकतो. जंतू मरू लागल्यामुळे तसे होते, ते घाबरून बंद करण्याचे कारण नाही. पूर्वी कधी पेनिसिलिनने अंगावर गांधी उठल्या असतील, दम लागला असेल, तर मात्र सुरुवातीलाच सांगा. अशा वेळी डॉक्टर थोड्या थोड्या मात्रेने शरीराला सवय लावतात किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखे दुसरे इंजेक्शन निवडतात. घरी आल्यावर ठरलेल्या महिन्यांनी रक्त पुन्हा तपासायचे, आकडा उतरतो का पाहायचे.

किती सुधारेल? खोटी आशा देत नाही. पेनिसिलिन रोग थांबवते. जे खाऊन झाले ते सगळे परत देत नाही. लवकर सुरू केले तर डोक्यातला गोंधळ बराच निवळू शकतो. पायांतल्या कळा आणि कापसावर चालण्याची भावना मागे राहू शकते. कळांना वेगळ्या गोळ्या आहेत. तोंड धुताना एक हात भिंतीवर ठेवायचा किंवा बसून धुवायचे, रात्री मोरीचा दिवा चालू ठेवायचा. तळपाय रोज पाहायचे. मागच्या अंकात मधुमेहासाठी लिहिले ते सगळे इथे लागू आहे. रिक्षाच्या बयाण्याचे म्हणाल, तर रुग्णालयाचा कागद घेऊन भाच्याला त्या दुकानदाराकडे धाडा आणि पासबुक तोवर तुमच्या पेटीत ठेवा. ईएसआयचे कार्ड असेल तर रजेची चौकशी करा. कारखान्यात द्यायच्या दाखल्यावर मज्जासंस्थेचा विकार एवढेच लिहा, अशी डॉक्टरांना विनंती करता येते.

आता तिसरा प्रश्न, आणि तो मला सगळ्यांत जड वाटतो. तुमचे रक्त मागतात ते तुमच्या चारित्र्याची परीक्षा म्हणून नव्हे. तुम्हीच लिहिले आहे, की लग्नानंतर चौथ्या वर्षी ते दोन वर्षे परगावी कामाला होते. त्याच्या पुढच्या ओळीत, जणू वेगळीच हकिकत सांगावी तशी, तुम्ही लिहिता की त्यानंतर एक मूल सातव्या महिन्यात पोटातच गेले आणि सासूबाई ते अजून तुमच्या पायगुणावर घालतात. मी ती दोन वाक्ये पुन्हा पुन्हा वाचली. हा रोग आईला काही जाणवू न देता पोटातले मूल मारू शकतो. तुमच्या बाबतीत तसेच झाले असे मी इथे बसून म्हणू शकत नाही. मूल जाण्याची कारणे पुष्कळ. पण तुमची टीपीएचए लागू आली, तर पायगुणाची गोष्ट त्या घरात कोणी पुन्हा काढू नये. आणि कोरी आली तरीही काढू नये.

लागू आली आणि तुम्हाला मेंदूची, डोळ्याची, कानाची काही तक्रार नसेल, तर आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शने, एवढाच उपचार. ताट, पेला, टॉवेल, अंथरूण वेगळे करण्याची काही गरज नाही. इतक्या जुन्या अवस्थेत हा रोग सहसा कोणाला लागत नाही, आणि भांड्याकुंड्यांतून तर लागतच नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयांत सुरक्षा क्लिनिक असते. तिथे समुपदेशक बाई एकांतात बोलते, औषध मोफत मिळते, नाव बाहेर जात नाही. मुलाच्या लग्नाची काळजी तुम्ही लिहिली आहे. थोरला मुलगा ते परगावी जाण्याआधीचा, तेव्हा त्याचा या गोष्टीशी संबंध दिसत नाही. सोयऱ्यांना काही सांगण्याचे कारण नाही.

काही वाचक म्हणतील, तिसरे शील मोडले, त्याचे फळ भोगतो आहे. असे पत्र मला पूर्वी एकदा आलेही होते. पंचशील आपण स्वतःसाठी घेतो. दुसऱ्याच्या खाटेशी उभे राहून त्याला ऐकवण्यासाठी नव्हे. अतिसाराने स्वतःच्या घाणीत पडलेल्या आणि सोबत्यांनी टाकलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हातांनी धुतले. तो कशाने आजारी पडला याची चौकशी त्यांनी केली, ती उपचारासाठी. आणि १९३६ साली मुंबईत बाबासाहेब मुरळ्या, जोगतिणी, देवदासी यांच्यासमोर जाऊन बोलले, त्यांना ते जिणे सोडा म्हणून बजावले, ते त्यांना आपली माणसे मानून. हा रोग "बाजारातल्या बायांचा" म्हणणाऱ्यांनी तो घरी कोण घेऊन येतो, तेही पाहावे.

भगिनी, पत्रात एक गोष्ट राहून गेली आहे. धाकट्या मुलीचा जन्म ते परगावाहून परत आल्यानंतरचा, एवढे कळते, पण तिचे वय आणि प्रकृती तुम्ही लिहिलेली नाही. आधी तुमचे रक्त द्या. तुमची टीपीएचए कोरी आली तर तिला तपासण्याची गरज नाही. लागू आली, तर तिला घेऊन त्याच समुपदेशक बाईकडे जा. तिला कमी ऐकू येते का, दृष्टी लहानपणापासून अधू आहे का, तेवढे मला कळवा. सही झाली की दोन ओळींचे कार्ड टाका.

रक्तदाब पुढच्या अंकी.